घडीच्या टेबलावरची कोवळी

लाँड्रीत तिला सगळ्या जणी ‘कोवळी’ म्हणत. पन्नाशी ओलांडलेल्या, गुडघ्याला पट्टा बांधून जिना चढणाऱ्या बाईला हे नाव का पडले, ते नव्याने लागलेल्या बाईला पहिल्या आठवड्यातच कळे. कोवळीची पाळी अजून चालू होती. तिच्या बरोबरीच्या सगळ्या जणी केव्हाच सुटल्या होत्या. ही मात्र महिन्याच्या महिन्याला, टपालवाल्यासारखी, एप्रन उलटा घालून हजर होई.

एप्रनची गोष्ट अशी. लाँड्री मोठी होती. हॉटेलांच्या चादरी, इस्पितळांचे टॉवेल, खानावळींचे टेबलपोस तिथे धुवायला येत. शेडच्या एका अंगाला धुलाईची यंत्रे होती. त्यांच्या पोटातून भिजलेल्या चादरींचा गुंता उपसायचा, गाड्यात भरायचा आणि तो गाडा ओल्या फरशीवरून, चादरी दाबून वाळवणाऱ्या रोलरपर्यंत ढकलत न्यायचा, हे तिथले काम. त्या बाजूला ‘ओली बाजू’ म्हणत. दुसऱ्या अंगाला, खिडकीखाली, घडीचे टेबल. तिथे स्टूल होते, वारा होता, आणि हातात यायचे ते वाळलेले, ऊबदार कापड. बायकांनी आपसांत एक नियम फार पूर्वीच करून ठेवला होता: जिचे दिवस चालू असतील तिने टेबलाशी बसायचे. सांगायचे नाही, विचारायचे नाही. सकाळी एप्रन उलटा, शिवणी बाहेर करून घालायचा, की बाकीच्या समजून घेत. सुपरवायझरला मात्र हे कधीच उमगले नाही. बायकांना साधा एप्रन सरळ घालता येत नाही, अशी त्याची पक्की समजूत होती, आणि एकदा तर त्याने सगळ्यांना उभे करून टापटिपीवर भाषण दिले होते. त्या दिवशी हसू दाबता दाबता निम्म्या जणींना ठसका लागला.

नियम मायेतून आलेला होता, यात शंका नाही. पण मायेलाही दुसरे टोक असते. जिची पाळी कायमची गेली तिचे टेबलही गेले. म्हणजे वयाने ज्या सर्वांत थोर, त्याच बारमाही ओल्या बाजूला. ‘आता तुला कसला आलाय त्रास?’ असे त्यांना कुणी ना कुणी म्हणे आणि त्याही मान डोलवत.

अशा बायकांसाठी लाँड्रीत एक शब्द होता. ‘तिची कडक इस्त्री झाली,’ असे म्हणत. म्हणजे ओल संपली, आता सुरकुती नाही आणि लवचीकपणाही नाही. हा शब्द काढला होता कोवळीनेच, तिशीच्या ऐन भरात, एका अबोल बाईवरून. सगळ्या पोट धरधरून हसल्या होत्या. ती अबोल बाईही हसली होती, आणि हसत हसतच वाकून तिने गाड्यात चादर भरली होती. तिचे ते वाकणे कोवळीला पुढे फार आठवायचे.

कारण चाळिशी यायच्या आतच कोवळीची स्वतःचीच पाळी थांबली.

आधी एक महिना चुकला, मग तीन, मग ती आलीच नाही. लेक तेव्हा शाळेत होती. नवऱ्याला दुसऱ्या मुलाची आस होती. तो तोंडाने काही बोलत नसे, पण महिन्याच्या सुमारास तिच्याकडे पाहून नजर वळवी. त्याला काय सांगायचे? आणि लाँड्रीत कसे सांगायचे? ज्या शब्दाने तिने दुसरीला हसवून रडवले, तोच शब्द तिच्यावर वळवायला कितीसा वेळ लागला असता? तिने ठरवले असेही म्हणता येणार नाही. ठरवायला धैर्य लागते, आणि तिने केले त्याला धैर्य लागत नव्हते. पुढच्या महिन्यात एका सकाळी तिने एप्रन उलटा घातला, इतकेच. कोणी काही विचारले नाही. नियमच तसा होता.

पुढे नवरा वारला. लपवण्याचे एक कारण त्याच्याबरोबर गेले, पण लपवण्याची सवय घर करून राहिली. लेक मोठी झाली, नोकरीला लागली, स्वतःसाठी पॅड आणताना आईसाठीही आणू लागली, आणि कोवळी ते पाकीट पिशवीत घालून लाँड्रीच्या सामाईक कपाटात ठेवून येई. ‘कोवळी किती गं मनाची मोठी,’ असे तिथे म्हणत. हे कौतुक ऐकताना ती टॉवेलची घडी मोडून पुन्हा घालत बसे.

ज्या दिवशी ती टेबलाशी बसे, त्या दिवशी तिचा गाडा दुसरी कोणी तरी ढकलत असे. गेली काही वर्षे ती दुसरी म्हणजे पैलवानीण. अंगाने रुंद, गळ्याने त्याहून रुंद, कोवळीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. आपली पाळी गेल्याचे तिने शेडच्या मधोमध उभे राहून जाहीर केले होते. ‘ऐका गं बायांनो, आमची झाली कडक इस्त्री! आता मला टेबलाची लालूच दाखवू नका.’ आणि त्या दिवसापासून ती ओल्या बाजूला होती.

‘बस गं कोवळे, बस,’ गाडा ढकलत ती ओरडायची. ‘तुझं बघून आम्हालाच तरणं वाटतं. घरात पाळणा हलवायचा विचार आहे की काय अजून?’

‘पुरे गं, वात्रट कुठली!’ कोवळी म्हणे. सगळ्या हसत, तीही हसे, आणि टेबलाखाली तिच्या पायाची बोटे चपलेत आवळली जात.

त्या वर्षी मात्र कोवळीच्या अंगात काही तरी बिघडले. आधी थकवा आला. तो झोपून जाईना, कारण झोपच येईना. मग पाठीत, दोन खांद्यांच्या मधोमध, कोणी हाताच्या पंजाने दाबून धरल्यासारखे वाटू लागले. गाडा ढकलताना खालचा जबडा दुखे. तिला वाटे दाढ आहे. जिन्याच्या अर्ध्यावर थांबून ती पिशवीत काही शोधल्यासारखे करी, म्हणजे मागून येणाऱ्याला ती दम खात आहे हे कळू नये. आणि मधूनच, काही कारण नसताना, अंगाला घाम फुटे.

घाम बायकांनी पाहिला, आणि त्यांचे निदान तिथेच झाले.

‘आली, आली! कोवळीची वेळ आली!’ रोलरवरची बाई टाळ्या वाजवत म्हणाली.

‘अगं, मला तर दोन वर्षं असं झालेलं,’ पैलवानीण म्हणाली. ‘घाम, धडधड, झोप नाही, जीव घाबरा. नवऱ्याला लाटणं फेकून मारावंसं वाटायचं. सगळं सगळं तेच आहे. होईल कमी. घाबरू नकोस.’

‘हो, तेच असेल,’ कोवळी म्हणाली.

ते तेच नव्हते. शेडभर बायकांत हे फक्त तिला एकटीला ठाऊक होते. तिचे ते गरम घाम, ती रात्ररात्र तळमळ, सारे बारा-तेरा वर्षांपूर्वीच येऊन गेले होते. तिने ते तोंडावर पाणी मारून, ‘वाफेमुळे होतंय’ असे सांगून, एकटीने काढले होते. त्या गरम लाटांची तिला ओळख होती. हा घाम गार होता. पण हे ते नाही असे म्हणायचे, तर मग तुला कसे माहीत, हा प्रश्न येणार. आपल्याच हाताने विणलेल्या जाळ्यात ती अशी सापडली होती की, सुटकेसाठी बोंब मारावी तर जाळे कोणी विणले तेही सांगावे लागेल. बायकांनी दिलेले वाळ्याचे सरबत तिने पिऊन टाकले, आणि ‘बरं वाटलं गं’ असेही म्हणाली.

मग तो दिवस आला. सकाळची गडबड ओसरली होती. कोवळीचा एप्रन त्या दिवशी सरळ होता, म्हणजे ती ओल्या बाजूला होती. चादरींचा गुंता उपसताना तिचा हात यंत्राच्या काठावर तसाच राहिला. पाठीतला पंजा पुढे आला आणि छातीवर बसला. ओकारी येते आहे असे वाटले, आली नाही. ती भिंतीला टेकून खाली बसली, ओल्या फरशीवरच.

‘ए, ए, ए! काय झालं?’ पैलवानीण धावली. ‘पांढरी फटक पडलीस की! ऊठ. अगं, भिजलीस सगळी.’

‘काही नाही. पित्त असेल.’

‘पित्त म्हणे! तुझं तोंड बघ, धुऊन पिळलेल्या टॉवेलसारखं झालंय.’ तिने कोवळीला काखेत हात घालून उचलले आणि रिक्षात घालून जवळच्या दवाखान्यात नेले.

दवाखाना लहान होता. डॉक्टरीणबाई तरुण नव्हत्या, घाईत नव्हत्या, पण बाहेर बाके भरलेली होती. त्यांनी नाडी पाहिली, रक्तदाब घेतला, छातीला तारा चिकटवून हृदयाच्या ठोक्यांची पट्टी काढली. पट्टी त्यांनी उजेडात धरून बराच वेळ न्याहाळली.

‘स्पष्ट काही दिसत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘पण पहिल्या पट्टीत दिसतंच असं नसतं. किती दिवस होतंय असं?’

उत्तर पैलवानिणीने दिले. ‘बरेच दिवस झाले, बाई. तिचं पाळीचं आहे. जायची वेळ आलीय ना.’

‘पाळी येते अजून?’

‘येते तर! महिन्याच्या महिन्याला. आमच्यात ती एकटीच राहिलीय,’ पैलवानीण जरा अभिमानानेच म्हणाली. ‘आता कुठे गडबड सुरू झालीय.’

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. ‘धूम्रपान? साखर? आधी कधी रक्तदाब?’ पैलवानीण ‘नाही, नाही’ म्हणत गेली. डॉक्टरीणबाई लिहू लागल्या. कोवळी त्या लेखणीकडे पाहत होती. तिच्या आयुष्याबद्दलची एक खोटी गोष्ट, तिनेच पेरलेली आणि दुसरीने भोळेपणाने पाणी घालून वाढवलेली, आता कागदावर उतरत होती. आणि त्या गोष्टीच्या आधारावर ही बाई तिला गोळी देऊन घरी पाठवणार होती, किंवा पाठवणार नव्हती. छातीवर पंजा होताच. तरी त्या क्षणी तिला मरणाची भीती वाटली असे म्हटले तर ते तिच्यावर उपकार केल्यासारखे होईल. तिला भीती वाटत होती पैलवानिणीच्या तोंडाकडे पाहण्याची. मेल्यावर निदान कोणी एप्रनचे विचारणार नाही, असेही एकदा तिच्या मनात येऊन गेले, आणि असे मनात आले याचीच तिला इतकी लाज वाटली की, तोंड उघडले.

‘बंद झालीय.’

‘काय?’

‘पाळी. बंद झालीय माझी.’

‘अगं, गेल्या महिन्यात तर…’ पैलवानीण म्हणाली.

‘नाही. लेक शाळेत होती तेव्हाच.’

पैलवानिणीचे तोंड उघडे राहिले ते तसेच. डॉक्टरीणबाईंनी लेखणी थांबवली, एकीकडून दुसरीकडे पाहिले, आणि खुर्ची पुढे ओढली.

‘किती वय होतं तेव्हा?’

‘चाळिशीच्या आत.’

‘ऑपरेशन झालं होतं? पिशवी काढली?’

‘नाही. आपोआप.’

‘लेकीच्या वेळी बाळंतपणात काही त्रास?’

‘पाय सुजले होते. रक्तदाब चढला होता. म्हणून दिवस भरायच्या आतच सोडवलं मला.’

‘आई आहे?’

‘नाही. अचानक गेली. चूल फुंकता फुंकता.’ कोवळी थांबली. ‘माझ्या वयाचीच होती.’

डॉक्टरीणबाईंनी आधी लिहिलेले खोडले. तिला चावून गिळायला एक गोळी दिली, गाडी बोलावली, आणि मोठ्या इस्पितळाला फोन लावून, तिथल्या माणसाने दोनदा ‘उद्या पाठवा’ म्हटले असावे असे उत्तर देत, तिसऱ्यांदा आवाज चढवून ‘आत्ता’ असे सांगितले.

गाडीत पैलवानीण तिच्या शेजारी बसली होती. जिच्या तोंडाला दिवसभर विसावा नसे ती बाई खिडकीतून बाहेर पाहत होती. कोवळीला वाटत होते, हिने शिव्या द्याव्यात, केस ओढावेत. ती फक्त एकदा वळली आणि विचारले, ‘दुखतंय का अजून?’

‘कमी आहे.’

‘बरं.’

त्या एका ‘बरं’ने कोवळीला जितके खाली बसवले तितके ओल्या फरशीने बसवले नव्हते.

इस्पितळात नळी घालून पाहिले, तेव्हा हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बुजलेली निघाली. तिथे जाळी बसवली. दोन दिवसांनी तिथले डॉक्टर खाटेशी आले. लेक उशाशी होती.

‘बायकांच्या हृदयाला पाळी चालू असेपर्यंत थोडं कवच असतं,’ ते म्हणाले. ‘पूर्ण नाही. सिगारेट, साखर, चढलेला रक्तदाब त्या कवचाला भोक पाडतात. पाळी गेली की ते विरायला लागतं. चरबी वाढते, ती पोटावर बसते, रक्तदाब चढतो. बहुतेकींचं पन्नाशीच्या आसपास होतं. यांचं फार आधी झालं. म्हणजे इतकी वर्षं यांचं हृदय उघड्यावर होतं. त्यात बाळंतपणातला रक्तदाब आणि आईचा इतिहास. तेव्हाच कोणाला सांगितलं असतं, तर दर वर्षी तपासलं असतं, लक्ष ठेवता आलं असतं.’

‘घरात कोणाला माहीतच नव्हतं,’ लेक हळूच म्हणाली. मग डॉक्टर गेल्यावर आईकडे न पाहता पांघरुणाची दुमड सारखी करत तिने विचारले, ‘आई, मी इतकी वर्षं पाकिटं आणत होते. ती कुठे जायची?’

‘लाँड्रीच्या कपाटात.’

लेक हसली, आणि लगेच तिच्या डोळ्यांत पाणी आले. ‘वेडी आहेस तू. मला लाज वाटली असती का तुझी?’

‘तुला नाही गं. मलाच.’

‘आणि माझं असं लवकर झालं तर? मी कोणाला विचारणार होते? आजीची कधी गेली होती?’

कोवळीने आठवून पाहिले. आईचा आवाज आठवला, आईच्या हाताचा वास आठवला. हे मात्र तिला माहीत नव्हते. कधी विचारायचे सुचलेच नव्हते, आणि आईनेही सांगितले नसते.

डॉक्टरांनी तिला जड ओढायला, ढकलायला मनाई केली. बसून करायचे काम चालेल, म्हणाले. म्हणजे लाँड्रीत तिच्याजोगे एकच काम उरले होते, आणि इतकी वर्षे चोरून घेतलेले ते आता तिला हात पुढे करून मागावे लागणार होते.

ती डबे उघडायच्या वेळेला गेली. सगळ्या खोक्यांवर, उलट्या बादल्यांवर बसल्या होत्या. पैलवानिणीने कोणाला काही सांगितले नव्हते. ते तर कोवळीला आणखीच जड गेले, कारण आता सारे तिलाच सांगायचे होते. तिने उभ्यानेच सांगितले, पहिल्या दिवसापासून. ‘कडक इस्त्री’ हा शब्द कोणाचा, तेही.

कोणी तरी फिस्सकन हसले. रोलरवरची बाई म्हणाली, ‘म्हणजे आम्ही मर मर मरायचं आणि तू खिडकीत हवा खायचीस?’

‘हो.’

‘निर्लज्ज आहेस.’

‘निर्लज्ज असते तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं गं,’ कोवळी म्हणाली. तिला हे उत्तर म्हणून द्यायचे नव्हते, पण तसे झाले.

पैलवानिणीने डब्याचे झाकण लावले. ‘टेबल तिला द्या,’ ती म्हणाली. ‘आणि यापुढे कडक इस्त्रीवाल्यांनाही एक-एक दिवस टेबल मिळेल. इतकी वर्षं आपणच बावळट.’ मग कोवळीकडे वळून, ‘तुला माफ केलं असं समजू नकोस. माझा खांदा मला रोज आठवण देतो.’

‘ठाऊक आहे.’

‘काय ठाऊक आहे तुला!’ असे म्हणून ती उठून गेली, आणि पुढचे कित्येक दिवस कामापुरतेच बोलली.

ज्या बाईच्या खांद्यावर आपण आपले ओझे टाकले, तिला उपदेश करायचा अधिकार आपल्याला नाही, हे कोवळीला कळत होते. तरी टेबलाशी बसून ती पाहू लागली, तेव्हा तिला दिसू लागले: पैलवानीण गाडा निम्म्यावर थांबवते, चाकात काही अडकले आहे असे दाखवून वाकते. हे सोंग कोवळीने स्वतः केलेले होते. तिच्या एप्रनचे बंद आता मागे पुरेनात, म्हणून ते सुतळीने वाढवले होते. शेवटी एका दुपारी कोवळीने तिला गाठले.

‘माझ्याबरोबर चल. मला दाखवायला जायचंय.’

‘मला काय धाड भरलीय?’

‘तुला कुठे काय म्हटलं? सोबत चल म्हटलं.’

‘पुन्हा खोटं?’

कोवळीचे कान तापले. ‘नाही. तुझाही रक्तदाब बघावा असं वाटतं. म्हणून म्हणते.’

पैलवानिणीने एप्रनची सुतळी सोडली. ‘हे सरळ सांगितलंस. चल.’

दवाखान्यात तीच बाके, तीच गर्दी. दारापाशी नर्स सगळ्यांचे रक्तदाब घेत होती आणि माहिती विचारून लिहीत होती. पैलवानिणीच्या दंडाला पट्टा पुरेना, मोठा आणला. नर्सने एकदा घेतला, हवा सोडली, पुन्हा घेतला. मग ती म्हणाली, ‘मावशी, तुम्ही बाहेर जाऊ नका. बाईंना आधी दाखवा.’

‘किती आहे?’ पैलवानिणीने विचारले. तिने विनोद केला नाही. नर्सने आकडा सांगितला तसा तिने हात मांडीवर ठेवून घेतला.

‘गाडे ढकलून झालं असेल का हे?’ कोवळीने विचारले.

‘छे, काम केल्यानं असं होत नाही हो. वय, वजन, मीठ, घरातला इतिहास.’ नर्स हसली. कोवळीला मात्र या सुटकेने सुटल्यासारखे वाटले नाही.

‘आता तुम्ही,’ नर्स तिच्याकडे वळली. बाकावर माणसे होती. एक म्हातारे गृहस्थ, एक सुतार, कोणाची तरी सून. ‘पाळी कधी गेली?’

कोवळीने सांगितले.

‘ऐकू आलं नाही. मोठ्यानं सांगा.’

सुताराने नजर वळवली. सून तिच्याकडे टक लावून पाहू लागली. कोवळीचे तोंड तापले, मानेपर्यंत तापले, आणि लाज काही कमी झाली नाही; पैलवानिणीने शेजारून तिचे मनगट धरले, जोराने, दुखेल इतक्या जोराने.

‘अडतिसाव्या वर्षी,’ कोवळी मोठ्याने म्हणाली.